पाच लिटर तेलाचं घर : लालबागमधल्या एका कुटुंबाचं प्रकरण

रुग्ण ५३ वर्षांचे गृहस्थ. मूळ गाव सिंधुदुर्गात, जन्म आणि वाढ लालबागची. अंधेरीच्या एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७३ किलो, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, रक्तदाब १३८/८८. दारू, सिगारेट, तंबाखू काही नाही. जून २०२४ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी 'गोळी आत्ता नको, सहा महिने आहार सांभाळून पुन्हा रक्त तपासा' अशी चिठ्ठी देऊन त्यांना माझ्याकडे, म्हणजे आहारतज्ज्ञाकडे, पाठवलं. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत काकांचा सूर तक्रारीचा होता आणि तक्रार रास्त होती. "मॅडम, मी खातो काय? हॉटेल नाही, पिझ्झा नाही, कोल्ड्रिंक नाही. घरची चपाती-भाजी, डाळ-भात, आठवड्यातनं तीनदा मासे. सोमवार-गुरुवार उपास. याहून साधं माणसानं काय खायचं?"

बाहेरचं वाईट, घरचं चांगलं अशी सरळ वाटणी आपण करून टाकलेली असते. घरचं जेवण बाहेरच्यापेक्षा बरं असतंच, पण ते कोणी मोजत नाही. काकांच्या घरात कुपथ्य असं काही शिजत नव्हतं. प्रश्न वजनकाट्याचा होता, आणि तो काटा दवाखान्यातला नव्हता, वाण्याच्या दुकानातला होता.

आधी रक्ताच्या आकड्यांबद्दल. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून पुढे मधुमेह. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या अंदाजानुसार भारतात मधुमेही दहा कोटींहून थोडे जास्त आहेत आणि मधुमेहपूर्व अवस्थेतले त्यांच्याहूनही जास्त, १३ कोटी ६० लाख. काका या दुसऱ्या गटातले.

दिसायला ते जाडे नाहीत. हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे. भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, बायकांसाठी ८०. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तो फोटो मी काकांना मोबाइलवर दाखवला. हिशेबातला माणूस, आकडे त्यांना लगेच कळले. "म्हणजे काटा खोटं सांगतो?" खोटं नाही, अर्धंच सांगतो; टेपही लावावी लागते.

दिवसभराचं खाणं

आदल्या दिवशी काय काय पोटात गेलं ते घड्याळाच्या क्रमानं सांगा, असं म्हटलं की माणसं आधी जेवणंच सांगतात. मधलं सगळं हळूहळू, आठवून आठवून येतं.

सकाळी सव्वासहाला चहा, त्यात दोन चमचे साखर, सोबत चार बिस्किटं. साडेसातला पोहे, उपमा किंवा रात्रीची चपाती कुस्करून फोडणीला. मग करी रोडहून दादर, पूल चढून वेस्टर्नची गाडी, अंधेरी. साडेदहाला चहा. एक वाजता डबा: चार चपात्या, बटाट्याची नाहीतर कोबीची भाजी, लोणचं. उसळ किंवा आमटी डब्यात कधीच नाही, कारण गर्दीत सांडते आणि बॅगेला वास लागतो. पावणेदोनला पुन्हा चहा. चारला चहा आणि टेबलावर कोणीतरी फोडलेलं फरसाणचं पाकीट. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास दादरला उतरल्यावर वडापाव. घरी पोचल्यावर पाचवा चहा. जेवण पावणेदहाला, कारण मुलगा साडेनऊला येतो आणि जेवायचं ते सगळ्यांनी मिळून. दोन चपात्या, भाजी, मग भात, त्यावर आणखी भात. सव्वाअकराला झोप.

दुपारी एक ते रात्री पावणेदहा. पावणेनऊ तास या माणसाला जेवण म्हणावं असं काही मिळत नव्हतं. वडापावबद्दल बोलताना ते ओशाळले होते, जिभेचे चोचले वगैरे म्हणाले. मला ते पटलं नाही. ती साधी भूक होती. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांच्या गाडीवर वडापाव जन्मला असं सांगतात. जागा पाहिली तर आश्चर्य वाटत नाही: कामावरून सुटलेल्या आणि घरी ताट वाढायला अजून दोन तास असलेल्या माणसाला भूक लागते ती तिथेच. वडापाव साधारण ३०० कॅलरींचा. तो बंद कर असं सांगणं सोपं आहे. पण भुकेचं काय करायचं ते सांगितलं नाही तर आठवड्यात पाय पुन्हा त्याच गाडीकडे वळतात.

चहाचा हिशेब त्यांनीच केला. पाच कप, दोन-दोन चमचे, म्हणजे दहा चमचे. सपाट चमच्यात पाच ग्रॅम धरले तरी ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. काकांची मर्यादा दुपारच्या डब्याआधीच संपत आलेली असायची, बिस्किटं न धरता.

उपासाचे दोन दिवस त्यांना जमेची बाजू वाटत होते. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी डब्यात तीच खिचडी, संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स, रात्री उपास सोडताना पोटभर डाळ-भात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट: १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. दाण्याच्या कुटानं थोडी भर पडते, पण तेल-तूप आणि बटाटा धरला तर आठवड्यातले सर्वांत जड दोन दिवस हेच होते.

"एक वाटी भात" यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून वाटी घेऊन या म्हटलं. दुसऱ्या भेटीला काका स्टीलची वाटी घेऊन आले. पाव लिटर पाणी तिच्यात सहज बसलं. भात त्यात शीग लावून, आणि तोही दोनदा.

यादी

दुसऱ्या भेटीला काकूही आल्या. माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला पुरुष येतो तेव्हा निम्म्या वेळा तो स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच जाणारा असतो. त्याला सांगितलेलं पथ्य शेवटी बायकोच्या डोक्यावर बसतं. म्हणून काकूंना मी ताटाबद्दल विचारलंच नाही. महिन्याच्या वाणसामानाची यादी मागितली. त्यांच्या मोबाइलमध्ये वाण्याला पाठवलेल्या यादीचा फोटो होताच.

घरात माणसं चार: काका, काकू, २६ वर्षांचा मुलगा आणि ७८ वर्षांच्या आजी. यादीत तांदूळ १४ किलो, गव्हाचं पीठ १४ किलो, पोहे-रवा मिळून ३ किलो, तूरडाळ २ किलो, बाकी कडधान्यं सगळी मिळून १ किलो, साखर ५ किलो, तेल ५ लिटर, मीठ १ किलो, साबुदाणा २ किलो, शेंगदाणे दीड किलो, शिवाय बिस्किटांचे पुडे आणि फरसाण. भाजी, मासे, नारळ, दूध वेगळं.

महिन्याचं सामान चारांनी आणि मग तीसनी भागायचं, म्हणजे १२० नं. हा भागाकार कोणत्याही घरात दोन मिनिटांत होतो. समोर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना ठेवल्या. त्यातलं दोन हजार कॅलरींचं ताट असं आहे: धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्या जागी अंडी-मासे-मांस ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम.

धान्य निघालं माणशी २५८ ग्रॅम, म्हणजे बरोबरच. इथे काका थोडे सैलावले. पण आजी दिवसाला एक भाकरी आणि दोन घास भात खातात. त्यांच्या वाटणीचं उरलेलं धान्य कोणाच्या तरी पोटात जातच होतं. पाच लिटर तेलाचं वजन साडेचार किलोच्या आसपास, माणशी रोज ३८ ग्रॅम, वडापाव आणि फरसाणातलं तेल सोडून. साखर जवळपास ४२ ग्रॅम, ऑफिसच्या तीन चहांखेरीज. मीठ आठ ग्रॅमच्या वर, जिथे मर्यादा पाचची. लोणचं, पापड, सुकट त्याच्या वर. आणि डाळी-कडधान्यं फक्त २५ ग्रॅम. मासे आठवड्यातून तीन दिवस, तेही मिळतील तेव्हा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यानंतर २०२४ मध्ये ५ ऑगस्टला श्रावण लागणार होता. म्हणजे मालवणी घर असूनही जूनपासून गणपती उठेपर्यंत ताटात मासे जवळजवळ नाहीत, त्यांची जागा घ्यायला उसळही नाही. ती जागा भात भरून काढत होता.

या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. यादीवरून घरात काय आलं ते कळतं, कोणी किती खाल्लं ते कळत नाही. तळून उरलेलं तेल, पाहुण्यांचा चहा, शेजारी गेलेली वाटी यांचा हिशेब लागत नाही. तरी 'काल काय खाल्लं' या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा यादी मला जास्त भरवशाची वाटते, कारण ती लिहिताना कोणी डाएटचा विचार करत नाही.

काकू, आजी आणि गिरणी

आकडे ऐकून काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या हातचं खाऊनच यांना शुगर आली म्हणायचं." हे वाक्य या ना त्या रूपात मला बऱ्याच घरांत ऐकू येतं आणि त्याला नुसतं 'तसं नाही हो' म्हणून भागत नाही. तेलाचा पाऊच त्या ओतत होत्या हे खरं, पण चपाती कोरडी लागली, भाजीला तवंग नाही म्हणून ताटावर बोलणारे कोण होते? काका गप्प झाले. ठरलं असं की तेलाचं माप काकांकडे राहील. एक तारखेला महिन्याचं तेल त्यांनी एका कॅनमध्ये ओतायचं आणि रोज सकाळी फोडणीच्या भांड्याशेजारच्या बाटलीत मापानं काढून ठेवायचं. कडधान्य भिजत घालणं आणि मोड काढणं हेही त्यांचंच. हिशेबनीस माणसाला ते काम आवडलंसुद्धा.

काकू स्वतः ४९ वर्षांच्या, कमर ८८. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात टाकवत नाही म्हणून त्याच संपवायच्या. त्यांनाही रक्त तपासून घ्यायला सांगितलं; ते काम अजून राहिलंय.

आजींचा आक्षेप वेगळा. त्या दवाखान्यात आल्या नाहीत, फोनवर बोलल्या. "ह्याचे बापूस सहा भाकरी खाय होते. कधी शुगर झाली नाय." मुद्दा चुकीचा नाही. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते, पाळीचे आठ तास उभ्यानं. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, पण तोवर त्यांचं आयुष्य त्या कामातच गेलं होतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबानुसार ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २११० कॅलरी लागतात आणि अंगमेहनतीच्या जड कामासाठी ३४७०. मधला फरक १३६० कॅलरींचा. नातवंडांना जेवढी ऊर्जा दिवसभरासाठी लागते तिच्यातला मोठा हिस्सा आजोबा नुसत्या साच्यावर खर्च करत होते. गिरण्या गेल्या, तिथे टॉवर आले, चाळीतल्या घराची रिडेव्हलपमेंट होऊन लिफ्ट आली. भाताचं टोप मात्र त्याच मापाचं राहिलं.

साबुदाण्यावर आजी अडून बसल्या. "उपासाक साबुदाणे नाय, मगे खावचा तरी काय?" यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी आषाढी, महाशिवरात्र आणि घरात पाहुणे असतील तो उपास साबुदाण्याचा. एरवी वरईचा भात वाटीभर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, एखादं फळ. गुरुवारचा उपास काकांनी स्वतःहून सोडला. तो त्यांनी नोकरी लागली तेव्हा धरला होता, आता नोकरी सुटायची वेळ आली, असं म्हणाले.

काय बदललं

नव्या पदार्थांची यादी मी दिली नाही. ओट्स, क्विनोआ, चिया यांच्याशी माझं वैर नाही, पण कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं ज्या घरात रांधता येतं तिथे त्यांची गरज काय? आहाराचा सल्ला देणारे डॉ. दीक्षित की ऋजुता दिवेकर हा प्रश्नही काकांनी विचारला, आमच्याकडे तो विचारल्याशिवाय भेट पूर्ण होत नाही. दोनदाच खायचं की दर दोन तासांनी, यावर वाद घालण्याआधी मला त्यांची पावणेनऊ तासांची पोकळी भरायची होती.

दुपारचा डबा फिरकीच्या झाकणाचा घेतला, त्यामुळे उसळ येऊ लागली. चपात्या चारांच्या तीन झाल्या. साडेपाचला ऑफिसमध्ये दुसरा छोटा डबा: मूठभर फुटाणे आणि एक फळ, किंवा उकडलेली अंडी, किंवा मोडाची मटकी कांदा-लिंबू घालून. वडापाव बंद केला नाही, शुक्रवारपुरता ठेवला. पहिल्या महिन्यात काकांनी सांगितलं की दादरचा पूल उतरताना आता वास येतो पण पोट ओढत नाही. चहा तीन, साखर एकेक चमचा. रात्रीचं जेवण पावणेनऊला. यात सगळ्यांत अवघड गेलं ते मुलाची वाट न पाहणं. आता तो जेवताना काकू शेजारी बसतात, पण ताट घेत नाहीत. ताटात आधी भाजी आणि डाळ किंवा मासा, भात शेवटी आणि लहान वाटीनं. भात शेवटी घेतल्यानं जेवणानंतरची साखर कमी चढते असं छोट्या अभ्यासांमधून दिसलंय. काकांच्या बाबतीत त्याचा उपयोग दुसराच झाला: भाताची पाळी येईपर्यंत भूक निम्मी झालेली असायची.

मासे रव्यात घोळून भरपूर तेलात तळण्याऐवजी आठवड्यातून एकदाच तळलेले, बाकी कालवण किंवा तिखलं.

वजन किती उतरवायचं, या प्रश्नाला मी मुद्दाम छोटं उत्तर दिलं: वर्षात तीन-चार किलो. अमेरिकेत कॅलेरी नावाच्या चाचणीत २१८ निरोगी माणसांपैकी एका गटाला दोन वर्षं पंचवीस टक्के कमी खायला सांगितलं होतं. तज्ज्ञ पाठीशी असूनही त्यांना सरासरी जमलं बारा टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यानंही रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहाच्या वाटेवरच्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं. आहार आणि चालणं या बदलांनी मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्यांचंही वजन फार उतरलं नव्हतं. मोठ्या निश्चयापेक्षा रोज चमचाभर तेल कमी, हे मला या घरासाठी जास्त खात्रीचं वाटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काका कोणत्याही साखरेच्या गोळीवर नव्हते. जे आहेत, विशेषतः इन्सुलिनवर किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्यांवर, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये किंवा त्याच्या वेळा हलवू नयेत.

श्रावण आणि गणपती

जुलै नीट गेला. श्रावणात त्या वर्षी सोमवार पाच आले. वरई-राजगिऱ्यावर चार निभावले, एकाला खिचडी झाली. कडधान्यांची भिजवणी चालू होती म्हणून मासे नसूनही काम चाललं. मग ७ सप्टेंबरला गणपती. लालबागमध्ये त्या दहा दिवसांत घर म्हणजे धर्मशाळा असते: दर्शनाच्या रांगेतून सुटलेले नातेवाईक चहाला, मग नाश्त्याला, मग जेवायला. पाच लिटरचा विषयच सोडा, त्या महिन्यात आठ लागले. मोदक, करंज्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. काकू मला फोनवर सांगताना चाचरत होत्या. मी तो महिना हिशेबात धरूच नका म्हटलं. वर्षातले दहा-पंधरा दिवस भरपेट खाल्ल्यानं कोणाला मधुमेह होत नाही. उरलेल्या साडेतीनशे दिवसांत घरात किती तेल येतं ते बघायचं. सणावर नियम लादला की लोक सण मोडत नाहीत, नियम मोडतात, आणि मग तो अनंत चतुर्दशीनंतरही मोडलेलाच राहतो.

सप्टेंबरअखेर वजन ७१.६. ऑक्टोबरपासून पुन्हा कॅन आणि माप.

सहा महिने, वर्ष

डिसेंबर २०२४ मध्ये वजन ७०.१, कमर ९४. उपाशीपोटी साखर १०४, एचबीए१सी ५.९, ट्रायग्लिसराइड १७१, एचडीएल ३८, रक्तदाब १३०/८४. जून २०२५ मध्ये वजन ६९.८, कमर साडेब्याण्णव, एचबीए१सी ५.८, ट्रायग्लिसराइड १६४. डॉक्टरांनी गोळी अजून सुरू केलेली नाही. काका अजूनही मधुमेहपूर्व अवस्थेतच आहेत, कमरही अजून ९० च्या वर आहे. दुसऱ्या सहामाहीत वजन जवळपास थांबलं. त्यांना ते खुपतं, मला फारसं नाही.

श्रेय कशाला द्यायचं हा प्रश्न मी उघडाच ठेवलाय. ऑगस्टपासून काका रात्री जेवून सोसायटीच्या आवारात वीस मिनिटं चालतात. जेवण तासभर अलीकडे आलं, त्यामुळे झोप वाढली. साखर उतरायला यातलं काहीही पुरेसं असू शकतं. ट्रायग्लिसराइड एवढं खाली आलं त्यात मात्र चहातली साखर आणि उपासाच्या दिवसांचा वाटा मोठा असावा, असा माझा अंदाज. बिस्किटांचे पुडेही यादीतून निम्मे झालेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साधं रांधलेलं अन्न हवं तेवढं खायला दिलं, तेव्हा पाकीटबंद अन्नावर ती माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. बिस्किटाचा पुडा उघडा असला की तो संपतोच, एवढं त्यावरून काकूंना सांगता आलं.

जून २०२५ ची यादी अशी: तांदूळ १० किलो, पीठ १२, ज्वारी ३, डाळी-कडधान्यं ७, साखर ३, साबुदाणा अर्धा किलो, मीठ पाऊण किलो, तेल साडेतीन लिटर. साखर माणशी बरोबर २५ ग्रॅमवर आली. डाळी-कडधान्यं २५ वरून ५८ वर गेली, अंडी-मासे त्यात मिळवले तर ८५ च्या जवळ. तेल १२० नं भागलं तर साडेसव्वीस ग्रॅम, म्हणजे २७ च्या आत. काकांनी हा भागाकार आधीच करून आणला होता आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

पण भाजक तपासायला हवा होता. बोलता बोलता काकूंनी सांगितलं की मुलगा हल्ली आठवड्यातल्या निम्म्या रात्री घरी जेवत नाही. आईवडील पावणेनऊला जेवून घेतात, तो साडेनऊला येताना फोनवरून काहीतरी मागवतो: बिर्याणी, रोल, कधी शेजवान राइस. त्याचं तेल वाण्याच्या यादीत येत नाही. म्हणजे घरात खाणारी माणसं पूर्ण चार नाहीत, थोडी कमी धरावी लागतील, आणि मग तेच साडेतीन लिटर तेल माणशी २७ ग्रॅमच्या वर जातं. वडिलांची जेवणाची वेळ आम्ही अलीकडे ओढली, तिचा एक भार मुलाच्या ताटावर जाऊन पडला आहे. तो कमी करायचा असेल तर त्याचा अर्धा स्वयंपाक वेगळा झाकून ठेवण्यापेक्षा दुसरं काही सुचवता येईल का, ते पाहायचं आहे. गार झालेली आमटी तो खात नाही हे काकूंनी आधीच बजावलंय.

मुलगा एकदाच आला, वडिलांना न्यायला. बाहेर थांबला होता, मी आत बोलावलं. त्याचे मागच्या दोन महिन्यांचे ऑर्डरचे स्क्रीनशॉट पाठवायला तो तयार झालाय. ते आल्यावर घराचा तेलाचा हिशेब पुन्हा करायचा आहे, या वेळी चार जणांचा, घरातलं आणि फोनवरचं धरून. काकांचं पुढचं रक्त डिसेंबरमध्ये. काकूंचं त्याच दिवशी घ्यायचं ठरलंय, त्यांची तारीख काकांच्याच कागदावर लिहून दिली आहे.